दोन पौंडांचा प्रश्न

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे दप्तर सांभाळल्यानंतर माणसाच्या अंगी अन्य काही गुण उरोत वा न उरोत, एक शहाणपण मात्र निश्चित येते. ते असे की, जी गोष्ट चालू आहे तिला हात लावू नये. चालू वहिवाट, चालू पंखा आणि चालू शिरस्ता यांपैकी कशासही सुधारण्याच्या सद्हेतूने स्पर्श केला असता ते तत्काळ बंद पडते, आणि बंद का पडले याचा लेखी खुलासा स्पर्श करणाऱ्याकडूनच मागविला जातो, हे मी तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून पदोपदी अनुभविले होते. असे असूनही सेवानिवृत्तीनंतर, कर्जत तालुक्यात पेज नदीच्या काठी चार आंब्यांच्या सावलीत स्वस्थ बसण्याऐवजी, मी एका होडीच्या इंजिनाचा इंधनाचा दाब दोन पौंडांनी वाढविण्याच्या मसलतीत सामील झालो, यावरून अनुभव हा मनुष्याचा गुरू असला तरी मनुष्य हा अनुभवाचा शिष्य असतोच असे नाही, एवढे सिद्ध व्हावे.

होडी माझी नव्हे, माझ्या भाच्याची. तो मुंबईस असतो, आणि मुंबईस असणाऱ्या माणसास पन्नाशीच्या सुमारास शेतघर, बैलगाडीचे चाक व पितळी घंगाळ यांचा जो छंद जडतो तो पूर्ण होऊन, त्याच्या हौसेची पुढली पायरी म्हणून त्याने कोणा हौशी गृहस्थाकडून सतरा फुटी, आठ सिलिंडरांची आणि सुपरचार्जर बसविलेली वेगवान होडी जुनी म्हणून घेतली. दिवाळीनंतर ती गाड्यावर चढून आमच्या गावात प्रवेश करती झाली, तेव्हा पोलीस पाटील धावत माझ्याकडे आले.

"रावसाहेब, पुराची काही वर्दी आहे का?"

त्यांचे भय अगदीच निराधार नव्हते. २६ जुलै २००५ चा पाऊस इकडे कोणी विसरलेले नाही. आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी लोहमार्गावर चढून वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा हजारावर उतारूंना बाहेर काढण्यास होड्याच आणाव्या लागल्या होत्या. कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसास अरिष्टाची खबर आगाऊ लागते असा लोकांचा एक भाबडा समज असल्यामुळे, मी वारंवार इन्कार करूनही, त्या रात्री दोन घरांनी भाताच्या कणग्या पोटमाळ्यावर हलविल्या.

आता पेज नदीत वेगवान होडी चालते कशी, अशी शंका वाचकास येईल. नदीचे नाव ऐकून परगावच्या माणसास तांदळाच्या पेजेचे स्मरण होते, आणि इतर नद्यांची वैशाखातील अवस्था पाहिली तर तेही दाट वाटावे. परंतु आमची पेज बारमाही वाहते, त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे पाणी, जे ईश्वरी योजनेप्रमाणे इंद्रायणी, भीमा व कृष्णा अशा चढत्या श्रेणीच्या वरिष्ठांमार्फत बंगालच्या उपसागराकडे रवाना व्हावयाचे, ते ठोकरवाडीच्या धरणात अडवून, नळांतून डोंगराखाली भिवपुरीच्या वीजगृहात सोडण्याची व्यवस्था १९२२ पासून आहे. तिकडे खालापूर तालुक्यात खोपोलीस हाच उपक्रम १९१५ पासून चालू असून, तेथले पाणी सुमारे ५०० मीटर खाली झेप घेऊन, चक्रे फिरवून, पाताळगंगेच्या हवाली होते. भिवपुरीचे पाणी मात्र आमच्या पेजेत उतरते आणि राजनाल्याच्या कालव्याने आमचे उन्हाळी भात पिकविते. तात्पर्य, मुंबईकराने आपल्या घरी पंख्याचे बटण दाबावे आणि आमच्या नदीला पाणी यावे, असा आमचा व मुंबईचा ऋणानुबंध आहे. नदीची भरती-ओहोटी चंद्रावर अवलंबून नसून विजेच्या मागणीवर अवलंबून आहे, ही गोष्ट गावातील शेंबड्या पोरासही ठाऊक होती. आम्हांस कोणी सांगितली नाही, कारण आम्ही कोणास विचारली नाही.

पहिल्या रविवारी होडी पाण्यात उतरली आणि अशी काही सुटली की, काठावरच्या म्हशींनी रवंथ थांबविला. वापरण्याजोगा सरळ डोह तीनशे मीटरांचा. तो संपण्याच्या आत भाच्याने चार वेळा 'वा!' म्हटले. गोष्ट येथेच संपावयास हवी होती. परंतु संध्याकाळी चहा घेताना भाच्याने इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका उघडली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मामा, इथे इंधनाचा दाब ४० पौंड लिहिला आहे. आपला काटा ३८ दाखवतो."

"मग?"

"मग म्हणजे काय? आपण दोन पौंड कमी आहोत!"

एका घटकेपूर्वी म्हशींना स्तंभित करणारी ती नौका तत्क्षणी आम्हांस क्षीण, अशक्त आणि कुपोषित भासू लागली. सुखी गृहस्थास शेजाऱ्याचा पगार कळावा, तसे झाले. भाच्याने स्क्रू अर्धा फेरा आत फिरविला, काटा चाळिसाकडे सरकला, आम्ही समाधानाने एकमेकांकडे पाहिले, आणि अंधार पडल्यामुळे होडी गोठ्याशेजारच्या मांडवात नेऊन ठेवली. भाच्यास कचेरीच्या कामातून सवड मिळेतो पुढे फाल्गुन उजाडला.

या ठिकाणी यंत्राची इत्यंभूत माहिती देणे प्राप्त आहे. सुपरचार्जर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून लोहाराचा भाता होय. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातील रूट्स नावाच्या दोघा बंधूंनी १८६० साली अशा भात्याचे पेटंट घेतले ते भट्टीत वारा घालण्यासाठीच. पुढे तो इंजिनाच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि भाता ओढण्याचे काम इंजिनाकडेच सोपविण्यात आले. ज्याला वारा घालावयाचा त्यानेच पंखा हाकावा, हा बंदोबस्त ऐकण्यास विचित्र वाटतो. परंतु जास्त हवा कोंबली म्हणजे जास्त इंधन जाळता येते, आणि लाभ खर्चाहून अधिक होतो. मात्र पाहुणे वाढले की पिठलेही वाढविले पाहिजे. हवा वाढून इंधन कमी पडले तर मिश्रण फिके होऊन आत ठोके बसू लागतात व पिस्टनास भोक पडते. इंधन जास्त झाले तर काळा धूर निघतो. म्हणून हवेचा दाब जितके पौंड वाढेल तितकेच पौंड इंधनाचा दाब वाढविणारा एक रेग्युलेटर असतो, आणि भात्याकडील वर्तमान त्याच्या कानी घालणारी करंगळीहून बारीक अशी एक रबरी नळी असते. हे सर्व मी पत्नीस विस्ताराने समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आपला पितळी स्टोव्हच की! पंप कमी मारला तर भुरभुरतो, जास्त मारला तर भडकतो. तुम्ही एकदा मारला होतात, तेव्हाचे छत अजून काळे आहे."

मी विषय बदलला.

फाल्गुनातल्या त्या रविवारी होडी पाण्यात उतरली, पहिल्या झटक्यास चालू झाली, पाच मिनिटे उत्तम धावली, आणि वेग वाढविताच धापा टाकीत बंद पडली. काटा ४० वरून ३०, ३० वरून २० असा ओसरत गेलेला भाच्याने स्वतः पाहिला. काठावर आल्यावर त्याने टाकीचे झाकण काढून पेट्रोल असल्याची खातरजमा केली. झाकण निघताना टाकीने एक दीर्घ सुस्कारा टाकला. पेट्रोलचा भाव लक्षात घेता मला तो स्वाभाविक वाटला. मग त्याने स्क्रू पाव फेरा बाहेर घेतला, आणि इंजिन चालू झाले.

"बघितलंत मामा? जास्त झालं होतं!"

पाच मिनिटांनी ते पुन्हा थांबले. येथून पुढे तज्ज्ञांचा काल सुरू होतो.

प्रथम कर्जतच्या बाजारातून बुलेटचे मिस्त्री आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "आधी कोणी हात लावला होता?" हा प्रश्न मी नोकरीत प्रत्येक नव्या मामलेदाराच्या तोंडून ऐकला असल्यामुळे मला एकदम घरच्यासारखे वाटले. भाच्याने अपराध कबूल केला. मिस्त्रींनी करुणेने मान हलविली, टाकीत डोकावून पेट्रोल पाहिले, मग लांब पेचकसाचे एक टोक इंजिनास व दुसरे आपल्या कानास लावून, वैद्याने नाडी पाहावी तशी मुद्रा धारण केली. काटा पाहण्याची त्यांना गरज नव्हती. "काटा खोटं बोलतो, आवाज बोलत नाही," असे सूत्र सांगून त्यांनी केवळ कानाच्या आधारे स्क्रू फिरविला. इंजिन सुंदर चालले. मिस्त्रींनी बिदागी घेतली. त्यांची बुलेट वळणापलीकडे दिसेनाशी झाली, आणि होडी बंद पडली.

दुसरे आले ते खालापूरकडील पंपवाले मिस्त्री. डिझेलच्या पाणी उपसणाऱ्या इंजिनांत त्यांची हयात गेली होती. "आधी कोणी हात लावला होता?" आम्ही दोघांची नावे सांगितली. बुलेटवाल्याचे नाव ऐकून ते हसले. टाकीचे झाकण काढून, आत पाहून, त्यांनी दाब किती हवा असे विचारले.

"चाळीस पौंड."

"म्हणजे किलोत?"

मी हिशेब करून पावणेतीनच्या आसपास असे सांगितले. मिस्त्रींनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, मी लाचेत पावणेतीन रुपये देऊ केले असावेत. "साहेब, आमचं नोझल दोनशे किलोवर उघडतं. पावणेतीन किलोवर काय चालणार? वाढवा!" पेट्रोल आणि डिझेल यांचा धर्म भिन्न आहे, हे सांगण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. त्यांनी स्क्रू पुष्कळसा आत घातला. इंजिनाने काळ्या धुराचा असा लोट सोडला की, पलीकडच्या तीरावर वाळत घातलेल्या धोतरांविषयी मला आजपर्यंत बोलणी खावी लागत आहेत. तरीही इंजिन चालले. मिस्त्री विजयी मुद्रेने गेले. पाच मिनिटांनी काय झाले हे वाचकाने ताडले असेलच.

मध्यंतरी कोणीतरी सुचविले की मिश्रणाची खरी साक्ष काटा देत नसून प्लग देतात. आठही प्लग काढून, प्रत्येकास क्रमांकाची चिठ्ठी बांधून, मी ते मुद्देमालाप्रमाणे पाटावर मांडले. पांढरा पडला तर इंधन कमी, काळा पडला तर जास्त, आणि बिस्किटासारखा तपकिरी असला तर ठीक, असा दाखला आहे. परंतु बिस्किट कोणते? भाचा ग्लुकोजच्या पक्षाचा होता. पोलीस पाटलांचा कल खारीकडे होता. मी स्वतः नानकटाई धरून चाललो होतो. तुलनेसाठी पत्नीने तिन्ही प्रकार बशीत आणून ठेवले, चहा आला, आणि निर्णय होण्यापूर्वीच पुरावा नष्ट झाला.

तिसरे तज्ज्ञ म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर. कर्जत हे मुळात ढकलणाऱ्यांचे गाव. १८६३ साली बोरघाटातून गाडी जाऊ लागली तेव्हापासून ३७ फुटांस १ फूट असा तो चढ गाड्यांच्या छातीवर बसलेला आहे. म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना येथे मागून जादा इंजिने लावतात, आणि त्यांना बँकर म्हणतात. ती लागेतो उतारू फलाटावर बटाटेवडे खातात. फिटरसाहेबांची उमेद त्या बँकरांत गेली असून, 'खेकडा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनाचे नाव काढताच त्यांचा कंठ दाटून येत असे. "आधी कोणी हात लावला होता?" या प्रश्नाचे उत्तर एव्हाना मी लेखी तक्त्यात तयार ठेवले होते. तो वाचून त्यांनी मूलभूत सिद्धान्त मांडला: इंजिनाची परीक्षा मोकळे सोडून होत नाही, बोजा लावून होते. भाता भरतो तो बोज्याखालीच. सबब होडी दोरखंडाने झाडास बांधावी, पूर्ण ताकद लावावी, आणि ती जागच्या जागी जोर करीत असता काटा पाहावा.

सिद्धान्त निर्दोष होता. काठावरच्या करंजास दोरखंड बांधण्याचे काम माझ्याकडे आले. छत्तीस वर्षे मी दप्तराच्या फिती बांधीत आलो असल्यामुळे मी दोरखंडासही फितीची गाठ मारली. म्हणजे एक टोक ओढताच सुटेल अशी. फिटरसाहेब होडीत उभे राहिले, टाकीत डोकावले, झाकण लावले आणि ताकद दिली. होडीने एक टोक ओढले.

पुढील दृश्याचा पंचनामा असा: होडी बाणासारखी गेली, फिटरसाहेब बसते झाले, भिडूने सुकाणू धरावे तर भिडू काठावर, सुदैवाने पाच मिनिटांची मुदत भरत आल्याने इंजिन आपण होऊन थांबले, आणि होडी मध्यभागी खडकाळ उंचवट्यावर अलगद जाऊन बसली. दिवस रविवारचा. मुंबईची दुकाने-कचेऱ्या बंद. विजेची मागणी थोडी. पाहता पाहता नदी उतरू लागली. अर्ध्या तासात होडी सर्व बाजूंनी कोरडी झाली, आणि आत बसलेले फिटरसाहेब एखाद्या उत्सवमूर्तीसारखे दिसू लागले. पाणी घोट्याएवढेच असल्याने चालत येण्यास हरकत नव्हती. परंतु ज्याने नावाड्याच्या पदावरून प्रस्थान ठेवले त्याने पायी परतावे, हे त्यांच्या स्वाभिमानास मानवेना. त्यांनी चहा तेथेच मागविला.

अखेर भाच्याने समुद्रकाठाहून एक वृद्ध तांडेल आणले. मासेमारीच्या होड्यांवर त्यांचे आयुष्य गेले होते. ते आले, पान लावले, आणि तासभर काहीच बोलले नाहीत. मला चैन पडेना. मी स्वतःच तक्ता पुढे केला.

"आधी या या लोकांनी हात लावला आहे."

"असू दे," ते म्हणाले. "चालू करा."

इंजिन सुरू झाले. भाचा सवयीने टाकीचे झाकण काढावयास सरसावला, तोच तांडेलांनी त्याचा हात धरला.

"झाकण कशाला उघडता?"

"पेट्रोल बघतो."

"अर्ध्या तासापूर्वी बघितलंत ना? मग आता प्यायलं कोणी? दर वेळी उघडता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दर वेळी, प्रत्येकाने, सर्वप्रथम तेच केले होते. तांडेलांनी इंजिन चालू दिले. पाच मिनिटे झाली, काटा ओसरला, इंजिन धापा टाकू लागले. त्यांनी स्क्रूकडे ढुंकूनही न पाहता झाकण सैल केले. टाकीने तो परिचित सुस्कारा टाकला, काटा ताठ उभा राहिला, आणि इंजिन गुणगुणू लागले.

"काका, हिला श्वास मिळत नाही. इंधन जातं तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे. नाक कुठं आहे हिचं?"

होडीच्या कुशीस टाकीच्या श्वासनळीचे लहानसे तोंड होते. तांडेलांनी त्यात तार घातली. आतून सुपारीएवढा मातीचा गोळा निघाला. सुबक, घोटीव, आत लहान लहान खोल्या असलेला. दिवाळी ते फाल्गुन होडी मांडवात उभी असता एका कुंभारीण माशीने तेथे आपल्या संसाराची तजवीज केली होती. झाकण उघडले की टाकीत हवा शिरे. हवा शिरली की इंजिन पाच मिनिटे चाले. आणि ती पाच मिनिटे त्या त्या मिस्त्रीच्या विद्वत्तेच्या खाती जमा होत. माझा तक्ता मी गुपचूप घडी करून खिशात घातला. त्यात सर्वांची नावे होती. माशीचे तेवढे राहिले होते.

माती निघाली, तरी आमचे काम संपले नव्हते. कारण मूळ दोषाशी संबंध नसलेले चार जणांचे शहाणपण इंजिनात साचून राहिले होते. ते उलटे फिरवून काढण्यास तांडेलांना दोन दिवस लागले. शेवटी नळी काढून, रेग्युलेटरवर पाना ठेवून त्यांनी विचारले, "होडी आली तेव्हा काटा किती होता?"

"अडतीस," भाचा हळूच म्हणाला. "पण पुस्तकात चाळीस..."

"तेव्हा पळत होती?"

"फार छान पळत होती."

तांडेलांनी काटा अडतिसावर आणला, वरची चकती घट्ट आवळली, आणि पान थुंकून आले. होडी डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. म्हशींनी रवंथ थांबविला. सहा महिन्यांचा काल, मोजता न येण्याजोगे पेट्रोल, बशीभर बिस्किटे आणि परक्या माणसांची चार धोतरे खर्ची घालून आम्ही जेथून निघालो होतो नेमक्या तेथेच परत पोहोचलो होतो.

होडी सध्या मांडवात आहे. श्वासनळीच्या तोंडावर पत्नीने चहाच्या जुन्या गाळणीचा तुकडा बांधला असून, तिच्या मते तो प्रथमच बांधावयास हवा होता. रविवारी कोणी ना कोणी पाहुणा येतो, काटा पाहतो, पुस्तिका चाळतो आणि म्हणतो, "रावसाहेब, फक्त दोनच पौंड कमी आहेत; एवढं करून टाकायचं का?" मी नम्रपणे नकार देतो. पान्यांची पेटी मी माझ्या खाटेखाली कुलपात ठेविली आहे. किल्ली मात्र पत्नीकडे दिली आहे. कारण परवा मध्यरात्री जाग आली असता, निदान एक पौंड वाढवून पाहावयास काय हरकत आहे, असा विचार माझ्याच मनात आला होता.